गावात सभा नाही

आमच्या संघटनेचा जिल्हा मेळावा त्या वर्षी माझ्या माहेरच्या गावी व्हायचा होता. गाव सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. मी सेलूला शाळेत शिकवत होते आणि संघटनेच्या कमिटीवर होते. शेतमजूर बायांची मजुरी, रेशन, पाणी, असे आमचे विषय. मेळावा आपल्या गावात यावा म्हणून मीच दोन वर्षं कमिटीच्या मागं लागले होते. मांडवाची जागा ठरली होती, भाकरी कुणी किती भाजायच्या हेही वस्तीतल्या बायांनी वाटून घेतलं होतं. आणि तेवढ्यात गावानं ग्रामसभा घेऊन आक्कांच्या आणि ताईंच्या लग्नाविरुद्ध हात वर केले.

आक्का आमच्याच गल्लीतल्या, आमच्या भावकीतल्या. लहानपणीच लग्न झालेलं, नवऱ्यानं वर्षभरात आणून सोडलेलं. वडलांनी मरताना चार एकर रान आणि दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर करून दिलं होतं. रान त्या स्वतः करायच्या. औत सोडून सगळी कामं. ताई आल्या त्या गावात बालवाडी सुरू झाली तेव्हा. सेलूकडच्या, बौद्ध समाजातल्या, दहावी शिकलेल्या. त्यांना मराठा गल्लीत कुणी खोली देईना, म्हणून गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायला जाणार होत्या. आक्कांनी आपली पुढची खोली दिली. गावात तेव्हा बरीच कुजबुज झाली, पण ती जातीवरून. अठ्ठ्याहत्तरनंतरची वर्षं होती. विद्यापीठाच्या नामांतराचं नाव काढलं की पारावरची माणसं उठून जात. आक्का म्हणाल्या, "घर माझं हाय, पाणी माझ्या आडाचं हाय, कुणाच्या बापाचं काय गेलं?"

सात-आठ वर्षं त्या एका घरात राहिल्या. ताई सकाळी बालवाडी घेत, दुपारी शिवणमशीन चालवत. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसून शेंगा फोडत. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं आणि कुणी त्याला काही नाव दिलं नव्हतं. आमच्याकडं तसा शब्दच नव्हता.

मग एका दसऱ्याला दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हार घातले. झेंडूचे, घरीच ओवलेले. आणि गल्लीत घरोघर पेढे वाटले. माझ्या आईनं विचारलं, "कशाचे गं?" तर ताई सरळ म्हणाल्या, "आमी लग्न केलंय, मावशी." आईनं पेढा हातात धरून ठेवला. खावा की ठेवावा हे तिला कळेना, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

पेढ्यांवर भागलं असतं तर गाव कदाचित हसून गप्प बसलं असतं. पण आक्का ग्रामपंचायतीत गेल्या आणि म्हणाल्या, घर दोघींच्या नावावर लावा. नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागतं तसं. सरपंचांनी विषय ग्रामसभेत नेला. तिथं ठरलं की दोन बायांचं लग्न गाव मानत नाही, घराला दुसरं नाव लागणार नाही, आणि लेकरांवर वाईट परिणाम होतो म्हणून बालवाडी ताईंकडून काढून घ्यावी. मराठा गल्लीतले जवळजवळ सगळे हात वर गेले. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, ग्रामपंचायतीचा सदस्य होता. त्याचाही हात गेला. विरोधात हात आले ते वस्तीतल्या बायांचे आणि एका म्हाताऱ्या सुताराचे.

परभणीला कमिटीची बैठक बसली. आमच्यात एक जुना रिवाज होता. ज्या गावानं नामांतराविरुद्ध ठराव केला किंवा वस्तीचं पाणी तोडलं, त्या गावात संघटनेचा कार्यक्रम घ्यायचा नाही. वस्तीतल्या माणसांना भेटायला जायचं, पण मांडव, स्टेज, हारतुरे, जेवणावळी काही नाही. गावाला तेवढीच अद्दल. त्या आधारावर एका बाईनं सूचना मांडली की मेळावा या गावातून हलवावा.

एक वयस्कर कार्यकर्ते म्हणाले, "नामांतराचं समजू शकतो. पण हा आपला विषय आहे का? दोन बायकांनी हार घातले म्हणून आपण मेळावा हलवायचा? लोक आपल्याला हसतील."

सूचना मांडणारी बाई म्हणाली, "हसू द्या की. नामांतराला काय कमी हसले का? एका बाईचं काम काढून घेतलं, का तर ती कुणासोबत राहते म्हणून. हा विषय आपला नाही तर कुणाचा?"

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्या दोघींना विचारल्याशिवाय मी मत देणार नाही. ते सगळ्यांना पटलं. रविवारी मी एसटीनं गावाला गेले.

दोघी घरीच होत्या. ताई मशीनवर, पण मशीन बंद. वरच्या गल्लीतलं शिवण येणं थांबलं होतं. मी विषय काढला तर आक्का लगेच म्हणाल्या, "मेळावा हलवू नगा. इथंच घ्या. कधी न्हाई ते बाहेरची माणसं येणार, चार शब्द बोलणार. तेबी बंद केलं तर गावात आमच्या बाजूनं बोलंल कोण? त्यो सुतार? त्याला तर ऐकूबी येत न्हाई."

ताईंनी मान हलवली. "न्हाई. यायचं न्हाई. मॅडम, तुमी मांडव टाकणार, सरपंच हार घालणार, तुमी त्यांचा सत्कार करणार. ज्यांनी माज्याविरुद्ध हात वर केला, त्यांच्याच घरचं ताट तुमच्यापुढं येणार. अन् मी कुटं बसायचं? पुढच्या रांगेत का मागच्या?"

"तुला समद्यांशी भांडायचंय," आक्का म्हणाल्या.

"मला भांडायचं न्हाई. मला बालवाडी पायजे."

मी तिथं बराच वेळ बसले. दोघींचं एकमेकींशी काही पटलं नाही, आणि मला वाटलं होतं तसं एक उत्तर घेऊन मला परत जाता आलं नाही. जाताना आक्कांनी शेंगांची पिशवी दिली. ताई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आक्का म्हणतात तेबी खोटं न्हाई. पण माजं मत तेच सांगा."

दोघींची मतं मी कमिटीत जशीच्या तशी सांगितली. स्वतः मी हलवण्याच्या बाजूनं हात वर केला. काम ताईंचं गेलं होतं, म्हणून त्यांचा शब्द मला जड वाटला. ठराव थोडक्या मतांच्या फरकानं झाला. मेळावा पिंगळीला घ्यायचा, कारण स्टेशन आहे आणि तिथल्या लोकांनी लगेच होकार दिला. आणि आमच्या गावात, ग्रामसभेचा तो ठराव असेपर्यंत, संघटनेची सभा नाही.

गावात बातमी गेली तेव्हा आधी लोक हसले. पारावर कुणीतरी म्हणालं, बरं झालं, भाकरी वाचल्या. पण मेळाव्याला जिल्ह्याचे अधिकारी येणार होते आणि त्यांच्यापुढं सरपंचांना रस्त्याचं गाऱ्हाणं घालायचं होतं, ते राहिलं. शेजारच्या गावचे लोक सोनपेठच्या बाजारात विचारू लागले, "तुमच्या गावाला म्हणं बाहेर टाकलंय?" ते मात्र झोंबलं. संक्रांतीला मी माहेरी गेले तर दादा जेवताना बोलला, "तुज्या संघटनेनं गाव टाकलं. मंग तू कशी आलीस?"

"मी माहेराला आले. सभेला नाही."

"त्या दोघींपायी गावाची बदनामी करायलाव तुमी. बहीण असून भावाच्या गावावर बहिष्कार. लोक मला काय म्हणत असतील?"

"तू हात वर केलास तेव्हा लोक काय म्हणतील ते विचारलं होतंस का?"

आई म्हणाली, "जेवू द्या रे." दादानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. निघताना बसस्टँडवर सोडायला आला, तेव्हाही बोलला नाही, पण पिशवी त्यानंच उचलली.

पिंगळीचा मेळावा चांगला झाला. आमच्या गावच्या वस्तीतल्या बाया एसटीनं परभणीला आणि तिथून गाडीनं आल्या. भाकरीची गाठोडी सोबत होती. आक्का त्यांच्याबरोबर होत्या, ताई नव्हत्या. दुपारी बोलण्याची वेळ आली तेव्हा वस्तीतली एक म्हातारी बाई उठली. आमच्याकडं खुरपायला यायची, मी तिला मावशी म्हणायचे. ती स्टेजवर चढली नाही, जागेवरूनच बोलली.

"आमी हात त्यांच्या बाजूनं केला. उन्हात गावासमोर केला. अन् मेळावा आमच्या गावातून काढला. म्हंजी ज्यांनी आडवा हात केला ते घरी निवांत बसलेत, अन् आमी भाकरी घिऊन हितवर आलो. ह्ये बराबर हाय का?"

वयस्कर कार्यकर्त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले आणि म्हणाले, "मावशी, बरोबर नाही. पण त्या गावात स्टेज बांधून सरपंचाला हार घालणंही बरोबर वाटलं नाही. दोन्हीतून एक निवडलं." मावशी म्हणाली, "मंग येण्याजाण्याच्या भाड्याची तरी सोय करा." बाया हसल्या. तेवढं कमिटीनं मान्य केलं आणि पुढं पाळलं.

तीन वर्षं आम्ही गावात सभा घेतली नाही. या काळात काय बदललं हे मला नेमकं सांगता येणार नाही. वरच्या गल्लीतल्या बायांनी सहाएक महिन्यांत पुन्हा ताईंकडं कापड टाकायला सुरुवात केली, कारण सोनपेठच्या शिंप्याच्या झंपरांचे खांदे उतरत. त्याचा आमच्या बहिष्काराशी काही संबंध नव्हता. बालवाडीवर आणलेली नवी बाई आठवड्यातून दोनदा यायची, मग येईनाशी झाली. लेकरं रानात आयांच्या मागं फिरू लागली. शेवटी आयाच ताईंच्या दारात लेकरं आणून बसवू लागल्या. ताई मशीनवर बसूनच त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत.

पुढच्या निवडणुकीत बायांसाठी जागा राखीव झाल्या आणि ती म्हातारी मावशी ग्रामपंचायतीवर निवडून आली. तिनं पहिल्याच ग्रामसभेत जुना विषय काढला. मी त्या दिवशी मुद्दाम रजा काढून गावाला गेले होते, मागं उभी राहून बघत होते. नवे सरपंच तरुण होते. त्यांनी बालवाडीचा विषय आधी घेतला आणि विचारलं, ताईंना परत घ्यायला कुणाची हरकत? कुणीच बोललं नाही. मतही घ्यावं लागलं नाही. मग घराला दुसरं नाव लावण्याचा विषय निघाला. त्यावर हात मोजले. नको म्हणणारे पुन्हा जास्त निघाले, पण थोड्यानं. पुष्कळांनी हो आणि नको, दोन्ही वेळा हात खालीच ठेवले. दादा त्यातलाच.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "हात का नाही वर केलास?"

"खांदा दुखायलाय," तो म्हणाला, आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

आता कमिटीपुढं पुन्हा प्रश्न आला. ताईंचं काम परत मिळालं होतं, पण लग्न मानणार नाही हा ठराव तसाच होता. सभा घ्यायची का नाही? विद्यापीठाचं नाव बदलायचं की जुन्या नावाचा विस्तार करायचा, याचा शेवटचा निर्णयही तोवर झाला होता, त्यावरून संघटनेत फाटाफूट झाली होती, आणि निम्मी माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. या वेळी आम्ही वस्तीतल्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, आता या. आम्हाला दर वर्षी गाठोडी घेऊन हिंडवू नका.

मेळावा गावात झाला. सरपंचांना स्टेजवर बसवलं नाही, हार कुणालाच घातले नाहीत. आक्का पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. ताई आल्या नाहीत. मी त्यांना आदल्या दिवशी बोलवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तुमी आलाव ते चांगलं केलं. वस्तीच्या बायांचं ऐकलं. पण माजं मी ठरवलंय. ज्या दिवशी घराला दोन नावं लागतील त्या दिवशी मांडवात येईन. माज्यावर राग धरू नगा."

"राग कसला?"

"आक्काला लय वाटतंय मी यावं. रात्रभर बोलल्या न्हाईत."

मेळाव्याच्या दिवशी त्यांनी बालवाडी भरवली. मांडव आणि बालवाडी यांच्यामध्ये एक चिंच होती फक्त. भाषणांच्या मध्येमध्ये लेकरांचे पाढे ऐकू येत. एका वक्त्यानं वैतागून विचारलं, कुणी त्यांना गप्प करेल का. आक्का जागेवरून म्हणाल्या, "त्यांचं चालू द्या. तुमी मोठ्यानं बोला."

तो मोठ्यानं बोलला. मी थोड्या वेळानं उठून बालवाडीत जाऊन बसले. ताईंनी माझ्या हातात एक पाटी दिली आणि दोन लेकरं माझ्याकडं सरकवली.