लोण्याच्या कोकराचं डोकं

आमच्या भागात नॉर्ब झालेव्स्कीच्या हातून मरणं हा मान समजला जातो. आमचे दंतवैद्य त्याच्या चौथ्या कादंबरीत कालव्यात बुडून मेले. ते पान त्यांनी चौकटीत बसवून दवाखान्यात लावलं आहे, पेशंट तोंड उघडून आडवा झाला की नेमकं समोर दिसेल असं.

नॉर्ब बफेलो शहरातच जन्मला, इथेच वाढला आणि पालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचता वाचता निवृत्त झाला. मीटर तळघरात असतात. जन्मभर लोकांची तळघरं बघितलेला माणूस पुढे खुनाच्या कादंबऱ्या लिहायला लागला, याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. न्यूयॉर्कचे लोक त्याच्या पुस्तकांना ‘नॉयर’ म्हणतात. म्हणजे ज्यात सतत बर्फ पडत असतो, पोलीस विकले गेलेले असतात, कोणाचंही भलं होत नाही आणि शेवटच्या पानावर कोणीतरी एकटाच नदीकाठच्या रिकाम्या धान्यकोठारांकडे चालत जातो. मलपृष्ठावर छापलेलं असतं : ‘मानवी अंधाराचा तळ गाठणारा लेखक’. हा तळ गाठणारा गृहस्थ सकाळी बेकरीच्या खिडकीशी बसून लिहितो, दुपारी घरी जाऊन बायकोसाठी सूप गरम करतो आणि मंगळवारी बोलिंग खेळतो. संवाद जमले की नाही ते पाहायला तो दारात उभ्या केलेल्या गाडीत बसून ते मोठ्याने म्हणतो. नवा पोस्टमन सुरुवातीला घाबरायचा.

“तुमच्या आयुष्यात असं काय घडलं, की एवढा काळोख?” एका मुलाखतकार बाईने त्याला विचारलं होतं. नॉर्बने मनापासून विचार केला. “दर वर्षी हरणारा आमचा फुटबॉल संघ,” तो म्हणाला.

त्याची बायको तेरेसा दवाखान्यात परिचारिका होती. तिचं म्हणणं सोपं आहे. “कोणाला तरी मारून आला की ह्याला भूक चांगली लागते. मला आणखी काय हवं?”

तर हे मरणाचं बक्षीस दर हिवाळ्यात मांसाच्या सोडतीत लागतं. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलं लावलेली असतात, प्रत्येक टेबलावर घरून आणलेलं खाणं आणि बिअरचे जग. चक्र फिरतं, नंबर थांबतो, आणि ज्याचं तिकीट असेल तो आरडाओरडा करत डुकराच्या बरगड्या किंवा बेकनचा गठ्ठा घेऊन जातो. सॉसेज आणि भाजायचं बीफ यांच्या मध्ये एक फेरी ‘नॉर्बच्या पुढच्या प्रेताची’ : जिंकेल त्याचं नाव पुढच्या पुस्तकात मरणाऱ्याला. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी ती फेरी बर्नाडेट कुचेकने जिंकली.

बर्नाडेटबाई आमच्या चर्चच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. या भागातल्या साठीच्या आतबाहेरच्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी ‘ताटातलं संपव’ म्हणून दरडावलेलं आहे. नॉर्बलाही. तो अजून त्यांना ‘मिसेस कुचेक’ म्हणतो आणि त्यांच्यासमोर टोपी काढतो. हॉलभर टाळ्या वाजल्या. बाई मात्र कागदासारख्या पांढऱ्या पडल्या.

कारण साधं होतं. मार्चमध्ये त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. आणि आदल्या वर्षीचा विजेता, म्हातारा हँक, पुस्तकात गॅरेजमध्ये मेला तो मेलाच, पण पुस्तक दुकानात आलं त्याच महिन्यात खरोखरही गेला. हँकने नव्वदी ओलांडली होती, हे सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं.

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण त्याआधी तो नव्वद वर्षांत एकदाही मेला नव्हता.”

“मग बक्षीस परत करा, मिसेस कुचेक. आम्ही पुन्हा चक्र फिरवू.”

“चक्राने दिलेलं परत करतात का कधी? तुझी आई असती तर कान उपटला असता तुझा.” त्यांनी नॉर्बच्या छातीवर बोट रोवलं. “माझं नाव घाल. पण मला जिवंत ठेव. शेवटच्या पानापर्यंत. ते पान माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.”

हे बोलणं त्या रात्रीच्या बिअरबरोबर उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. उतरलं नाही. बाईंनी डॉक्टरांना तसंच कळवलं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा बघायचा असेल तर तारीख पुढे ढकलू नका. बाई म्हणाल्या, ते झालेव्स्कीला सांगा.

नॉर्ब अडचणीत आला. अकरा पुस्तकांत त्याने नाव असलेल्या एकाही माणसाला सुखरूप घरी पाठवलेलं नव्हतं. तो त्याचा धर्मच होता म्हणा ना. आधी त्याने पळवाट काढली. दुसऱ्या प्रकरणात एक बर्नाडेट कुचेक नायकाला सूप वाढते आणि निघून जाते, बस. बाईंनी ते पान वाचलं.

“एवढंच?”

“जिवंत आहात की.”

“जिवंत कसली, वाढपी आहे. आयुष्यभर सूपच वाढलं मी. आणि दाराबाहेर पडल्यावर माझं काय झालं, ते कुठे लिहिलंयस? तुझ्या पुस्तकात दाराबाहेर काय असतं ते मला ठाऊक नाही का?”

नॉर्बने ते पान घडी करून खिशात घातलं. त्याच्या पुस्तकात दाराबाहेर जे असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तो आठवडाभर बेकरीत नुसता बसून राहिला. डोनट तसेच परत जायला लागले तेव्हा तेरेसाने त्याला सुनावलं, “दोघांपैकी एकाला तरी वाचव, नॉर्ब. बाईंना नाहीतर पुस्तकाला. आणि पुस्तकाला वाचवलंस तर जेवायला दुसरीकडे जा.”

मग एका दुपारी तो बाईंच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथे गळका नळ बघायला गेलो होतो, आणि ओट्याखाली डोकं घालून शेवटपर्यंत बघत राहिलो.

“मिसेस कुचेक, तुम्हाला खुनी केलं तर चालेल?”

बाईंनी कोबीची पानं सोलायची थांबवली. “मारायचं कोणाला?”

“सांगा तुम्हीच.”

“माझा दीर. फेलिक्स.”

“ते वारले ना मागेच?”

“म्हणून तर. त्याला राग यायचा नाही.”

फेलिक्सला मारायची युक्ती दोघांनी बोलता बोलता ठरवली. ईस्टरला आमच्या पोलिश वस्तीत प्रत्येक घरात लोण्याचं कोकरू असतं : मिऱ्यांचे डोळे, गळ्यात लाल फीत. आदल्या दिवशी टोपलीत घालून ते चर्चमध्ये न्यायचं, फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवायचं. डोक्याला कोणी आधी सुरी लावायची यावरून घराघरांत भांडणं आहेत. फेलिक्स वर्षानुवर्षं प्रार्थना संपायच्या आत मुंडकं उडवून आपल्या पावाला फासायचा. विष डोक्यात ठेवलं की पुरे, बाकी काम तो स्वतःच करणार.

नॉर्बने तिथेच टेबलाशी बसून चार पानं खरडली आणि वाचायला घेतली. बर्नाडेट शनिवारी पहाटे कोकराच्या डोक्यात विष भरते, टोपली झाकते, चर्चला जाते. रविवारी फेलिक्स पडतो. शेवटच्या पानावर पोलीस तिच्या दाराशी उभा असतो.

“थांब,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मी तुरुंगात जाणार?”

“जिवंत राहाल.”

“या झडपेने? तिथल्या जेवणावर? आणि हे काय लिहिलंयस, विष घालून मी कोकरू फादरांसमोर नेते? विषावर पवित्र पाणी शिंपडून घेते?”

“खून चालतो, हे चालत नाही?”

“खुनाचं मी कन्फेशनमध्ये बघून घेईन. हे पाप आहे, नॉर्बी! विष घालायचं तर आशीर्वाद झाल्यावर. घरी येऊन. माझ्या स्वतःच्या ओट्यावर.”

 मी ओट्याखालून बघितलं तर नॉर्बने पेन्सिल पुन्हा काढली होती.

“आशीर्वाद झाल्यावर कोकराला कोणी हात लावतं का?” त्याने हळूच विचारलं.

“कोण लावेल? आशीर्वाद झालेलं असतं ते.”

“पोलीस कुठला असतो माझ्या पुस्तकात?”

“आपल्याच चर्चचा. तुझे सगळे पोलीस आपल्याच चर्चचे असतात. बदमाश मेले.”

“मग त्यालाही हेच वाटणार. जे काय झालं ते चर्चच्या आधी झालं, असंच तो धरून चालणार. तो दुकानदाराला धरेल, टोपली उचलणाऱ्याला धरेल. तुमच्या ओट्याकडे तो बघणारच नाही.”

बाईंनी कोबीचं पान पुन्हा हातात घेतलं. “मग माझं काय होतं?”

“काही नाही. भांडी घासता. फेलिक्सची ताटली पण घासता. पुढच्या रविवारी चर्चला जाता. पुस्तक संपतं.”

“जिवंत?”

“जिवंत. ठणठणीत.”

“नीट वाच बरं पुन्हा शेवट. सावकाश.”

नॉर्बने कोऱ्या कागदावर शेवट लिहिला आणि सावकाश वाचला. बाईंनी फक्त एक दुरुस्ती सांगितली : ताटली घासताना त्या गुणगुणत असतील. मग त्यांनी फोन उचलून दवाखान्याला सांगितलं, येते म्हणून. नळ गळतच राहिला. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

झडप बसली. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा नर्सने विचारलं, कसं वाटतंय. “सुटले,” बाई म्हणाल्या, “कोणाला संशय आला नाही.” नर्सने ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. तेरेसाला जाऊन समजावून सांगावं लागलं.

नॉर्बला मात्र न्यूयॉर्कच्या संपादिकेची धास्ती होती. एक बाई जिवंत, सुखी, गुणगुणते आहे. हे त्याच्या नावाखाली कसं खपणार? तिचा फोन आला. ती म्हणाली, हा त्याचा आजवरचा सगळ्यात काळा शेवट आहे, तिला झोप लागली नाही. नॉर्बने आभार मानले, फोन ठेवला आणि दोन डोनट मागवले.

पुढच्या ईस्टरच्या आत पुस्तक आलं. सोडतीत त्या वर्षी कोणालाच प्रेत व्हायचं नव्हतं. सगळ्यांना खुनी व्हायचं होतं, दंतवैद्यांनाही. ईस्टरच्या सकाळी बर्नाडेटबाईंनी झालेव्स्की नवराबायकोला आणि मला जेवायला बोलावलं. टेबलाच्या मधोमध कोकरू होतं, मिऱ्यांचे डोळे, लाल फीत. प्रार्थना झाली. सॉसेज फिरलं, अंडी फिरली, मुळ्याची चटणी फिरली. कोकराला कोणी सुरी लावेना. तेरेसाने डॉक्टरांचं नाव सांगून लोणी टाळलं. मी पाव कोरडाच बरा लागतो असं काहीतरी म्हणालो.

बाई हाताची घडी घालून बघत होत्या. गालांवर चांगली लाली आली होती.

नॉर्बने सुरी घेतली, मुंडकं अलगद उडवलं, मिरी बाजूला काढली आणि सगळं डोकं पावाला फासून खाल्लं. आम्ही तो गिळेपर्यंत थांबलो.

“मीठ कमी आहे, मिसेस कुचेक,” तो म्हणाला.

“ताटातलं संपव,” बाई म्हणाल्या.