छाणीला ठेवलेला पासपोर्ट

आमच्या इंग्रजीच्या क्लासमधल्या सरांचा मला आजही राग येतो, आणि त्यांनी दिलेल्या त्या कागदाचा त्याहून जास्त. पाठपोट छापलेला कागद. वर लिहिलेलं, प्रवासाला निघणे, आणि खाली सेट ऑफ, सेट आउट, हेड ऑफ, स्टार्ट आउट, सी ऑफ अशी रांग. बोलण्याच्या परीक्षेत प्रवासाचं काही विचारलं की यातले चार तरी तोंडातून पडलेच पाहिजेत, असा सरांचा हुकूम होता. वाघोडियाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, दिवसभर उभी राहून मी संध्याकाळी क्लासला जायची आणि तिशी उलटल्यावर बालवाडीतल्या पोरांसारखी घोकायची. एकदा साधं ‘आय विल गो’ म्हणाले, तर सर सगळ्यांसमोर गुजरातीत म्हणाले, “बेन, गो बोलशो तो मार्क नहीं मळे.”

मार्क तर हवे होते. आयर्लंडमधल्या एका प्रयोगशाळेतली नोकरी या परीक्षेवर अडली होती आणि त्यांनी दिलेली मुदत त्याच महिन्यात संपत होती. म्हणून मुकाट्याने घोकत होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालं तरी ‘जाते’ म्हणायची सोय नाही. ‘येते’ म्हणायचं. जिन्यात भेटणारी गुजराती शेजारीणसुद्धा ‘आवजो’च म्हणते, म्हणजे ‘परत या’. अशा घरातली मी रोज आरशासमोर उभी राहून मोठमोठ्याने निघत होते, वीस प्रकारांनी. बाबा पेपरातून मान वर करत नसत. ते ऐकत होते, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर पासपोर्ट जागेवर नाही. त्याच्याशिवाय परीक्षेला आत सोडत नाहीत. मी गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, देवघराचा खण उपसला. बाबा चहा पीत बसले होते. शेवटी कप खाली ठेवून त्यांनी सांगितलं की पासपोर्ट शहराच्या टोकाला, छाणीला मामीकडे आहे. गेल्या गुरुवारी दिवस चांगला होता, म्हणून त्यांनी माझं प्रस्थान ठेवलं.

प्रस्थान म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक असतं? खुद्द निघायच्या वेळी मुहूर्त नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी निघणाऱ्याची वस्तू तांदूळ-सुपारीसकट दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस घरीच राहतो, पण त्याचा प्रवास सुरू झाला असं धरायचं. ती वस्तू परत घरी आणायची नाही, निघताना तिथूनच उचलायची. लोक उपरणं ठेवत, फार तर रुमाल. माझ्या बापाने पासपोर्ट ठेवला. रिफायनरीत जन्म काढलेल्या माणसाने, जो घरातल्या गॅसची नळीसुद्धा तारीख बघून बदलतो. माझी एखादी ओढणी ठेवायला काय झालं होतं, असं मी ओरडून विचारलं. ओढणीत बांधूनच ठेवलाय, म्हणाले, पण परदेशी जायचं तर पासपोर्टच आधी निघायला हवा.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहवत नाही. आई असती तर तिने हा खुळेपणा होऊ दिला नसता, हेही बोलले. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. “तिथूनच पुढे जा,” बाबा एवढंच म्हणाले. “घरी आणू नकोस.”

स्कूटर कशी हाकली ते माझं मला माहीत. छाणीला मामीने गाठोडं देवापाशी ठेवलं होतं, माझ्याच जुन्या हिरव्या ओढणीचं. ते मी तिच्या ओसरीतच उघडलं, तांदूळ सांडले. वर तिचा हट्ट, हातावर दही-साखर घेतल्याशिवाय जायचं नाही. हेल्मेट न काढता ती चाटली आणि तशाच चिकट हाताने अलकापुरीतलं केंद्र गाठलं. दार लावायच्या बेतात होते.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पासपोर्ट उघडला तर आतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की भीती म्हणून उरलीच नाही. त्यांनी विचारलं, येत्या काळातल्या एखाद्या प्रवासाबद्दल सांगा. मी सरांचा अख्खा कागद त्यांच्या पुढ्यात ओतला. मी पहाटे सेट ऑफ करणार होते, माझे वडील मला हसतमुखाने सी ऑफ करणार होते. एकही शब्द चुकला नाही, आणि एकही मनातला नव्हता.

घरी आले ती भांडायच्या तयारीनेच. जेवणाच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, बाबा जेवले नव्हते. मी त्यांच्या ताटाशेजारी पासपोर्ट आपटला आणि म्हणाले, हा घ्या, आणला घरी, बघू काय होतं ते.

ते माझ्याकडे बघेनात, पासपोर्टकडेच बघत राहिले.

“एकदा पाठवलं होतं गं तुला,” ते म्हणाले. “मन घट्ट करून छाणीपर्यंत नेऊन सोडलं होतं. गुरुवारपासून मला झोप लागत होती. आता परत पाठवायला लावतेस. दोनदा नाही जमणार मला.”

मला आणखीच राग आला. हे आधी सांगता येत नव्हतं? मी महिनाभर आरशासमोर बडबडत होते, तेव्हा एकदा तरी पेपर खाली ठेवून म्हणायचं होतं की पोरी, ऐकवत नाही. राग त्यांचा आला, सरांचा आला, आणि माझा तर इतका आला की ताटावर बसवेना. पासपोर्ट उचलला, चपला घातल्या. उंबऱ्यात सवयीने ‘येते’ म्हणाले, तर त्यांनी मान डोलावली.

छाणीला मामी दुपारच्या झोपेतून उठून आली. ओसरीतले तांदूळ तिने झाडून एका वाटीत भरून ठेवले होते. तिने ओढणी पुढे केली, मी पासपोर्ट पुन्हा तीत बांधला.

मार्क चांगले पडले. पुढे व्हिसासाठी पासपोर्ट द्यावा लागला, तोही छाणीहूनच नेला आणि छाणीलाच परत ठेवला. विमान येत्या महिन्यात आहे. राग गेलेला नाही, अजून दिवसाआड भांडते मी बाबांशी. पण पासपोर्ट घरी आणलेला नाही, आणि आरशासमोर आता मी काहीही बोलत नाही.