दाजींचे नऊ सेकंद

गेल्या वर्षभरात मी घरी बसून वीस-बावीस सिनेमे बघितले आणि त्यातला एकही पूर्ण बघितला नाही.

कारण रिमोट माझ्या हातात असतो. समोरच्या खुर्चीत माझे सासरे, अण्णा, बसलेले असतात. पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या फार जवळ यायला लागली की मी दहा सेकंद पुढे नेणारं बटण दाबते. गरज पडली तर आठदा. त्यामुळे सिनेमांबद्दलची माझी मतं थोडी तुटक आहेत. पोलिसांचा एक बरा होता, पण खून कोणी केला ते कळलं नाही (खून लॉजवर झाला होता). दुसऱ्यात नवरा-बायको तासभर भांडले आणि एकदम त्यांना जुळं झालं. अण्णा म्हणाले, "लई घाईत काढलाय पिक्चर."

तर दाजींचा सिनेमा. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, जळकोटचे निवृत्त मास्तर. लातूरकडे शूटिंग झालं तेव्हा त्यांना एक छोटं काम मिळालं होतं. कसलं, ते त्यांनी अक्कालाही सांगितलं नव्हतं. आमच्या मोठ्या टीव्हीवर बघायचं म्हणून दोघं सकाळच्या एसटीनं नांदेडला आले. दाजी इस्त्रीच्या सफारीत. अक्कानं चष्म्याचा नंबर बदलून आणलेला.

"कुठं हायत ओ तुम्ही?" अक्का दर पाच मिनिटांनी विचारायची.

"बघशील की."

अर्धा सिनेमा झाला. नायक-नायिकेची गाडी बंद पडली आणि दोघं एका लॉजसमोर आले. मी बटण दाबलं. मी पाटी दिसली की दाबते, आत जाईपर्यंत थांबत नाही. अनुभव आहे. सहादा दाबल्यावर सकाळ झाली.

दाजी खुर्चीत पुढे सरकले. "ते..." म्हणाले. मग अण्णांकडे बघून मागे टेकले.

"काय झालं, दाजी?"

"काही न्हाई. चालू दे."

सिनेमा संपला. नावं वर सरकून गेली. अक्का काळ्या पडद्याकडे बघतच होती.

"कापलं का ओ तुमचं काम?"

"हाव," दाजी म्हणाले. "कापलं असंल."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं काम कापताना ह्या लोकांचा हात कसा धजतो, तेच मला कळत नाही."

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. संध्याकाळच्या एसटीनं दोघं जळकोटला परत गेले.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी सहज तो भाग लावला. लॉजचं काउंटर. मागे दाजी. किल्ली पुढे करत, वर्गात सांगावं तसं सांगतात, "खोली नंबर बारा. गरम पाणी सकाळी सातपर्यंत." नऊ सेकंद. पुढे नायिका बारा नंबरात झोपते आणि नायक काउंटरसमोरच्या बाकावर. बस, एवढंच.

मी लगेच दाजींना फोन केला. "अहो, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतक्या घाईनं पुढं नेलंस, म्हणलं काय घाण हाय की मधी. मी तरी कुठं पूर्ण बघितला होता? अण्णांसमोर माघारी घे कसं म्हणू?"

अक्कानं फोन घेतला. "म्हणजे तूच कापलंस म्हण की."

"अक्का, परत या. मी लावते."

"आता कशाला? सगळ्या गल्लीला सांगून बसलेत, कापलं म्हणून." मग हळूच म्हणाली, "कसे दिसायलेत गं?"

"चांगले," मी म्हणाले. आणखी काय सांगणार होते?

फोन ठेवला तर अण्णा दारात. "त्यात काय, छान बोललेत मास्तर. मी मोबाईलवर आधीच बघितला होता तो पिक्चर."

"मग काल गप्प का बसलात?"

"मला वाटलं, तुला त्यांचं काम आवडलं न्हाई."

आता रिमोट अण्णांकडे असतो. ते काहीही पुढे नेत नाहीत. लॉजची पाटी दिसली की मीच उठून स्वयंपाकघरात जाते.