काचेवर उमटलेलं बावखल

आधी माझी चूक सांगतो. मी बायकोचं चित्र तिला न विचारता कापलं. भूतबित, करणीबिरणी मी कधी मानली नाही, आजही मानत नाही... तरी हे लिहितोय.

वसई पश्चिमेला आमचा फ्लॅट. माझा धंदा फिश टँक सजवायचा — खडक, लाकूड, झाडं लावून पाण्याखाली बाग उभी करायची. गिऱ्हाइकाला ‘काहीतरी वेगळं’ हवं असतं, म्हणून मी मोबाइलवर परदेशी चित्रं, प्रवाळ, जंगलं धुंडाळत बसायचो. आणि घरात सुनंदा प्लायवर केळीच्या सोपटाचे धागे, कांद्याच्या साली, माशांचे खवले चिकटवून चित्र करत होती.

“हा काय कचरा गं?”

“माझ्या माहेरचं, सांडोरचं बावखल. बुडी मारून वर बघितलं की दिसायचं तसं.”

बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. तिच्या भावांनी ते केव्हाच बुजवलं, त्याचा फोटोही कुणाकडे नाही. चित्रात पायऱ्या होत्या, लवलवत्या केळी होत्या, आणि खालच्या पायरीवर तिच्या आईचे पाय — बोटं अजून व्हायची होती.

एका दवाखान्याच्या टँकला झाकण हवं होतं. गॅलरीत तो प्लाय दिसला. वालीवच्या वर्कशॉपवर नेला, खरवडला, कापला, काळा रंग मारला.

“सालीच तर होत्या! दुसरा प्लाय आणतो,” सुनंदानं विचारलं तेव्हा मी म्हणालो.

“आणा,” ती म्हणाली. एवढंच.

झाडं रुजेपर्यंत मी टँक घरीच ठेवतो; दवाखान्याचाही ते झाकण घालून ठेवला होता. काही दिवसांनी मागच्या काचेवर शेवाळ धरलं. नव्या टँकला धरतंच. ब्लेडने काढलं. पुन्हा आलं — त्याच जागी, त्याच आकारात. पायऱ्या... केळी... झाकणाची सावली असेल म्हणून झाकण काढून टाकलं, लाइट हलवला, पाणी बदललं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा खालच्या पायरीवर दोन पाय होते. बोटांसकट.

मी भर दुपारी ओरडलोच. सुनंदा कणकेच्या हातांनी धावत आली.

“काय, मासा चावला की काय?” म्हणाली, आणि काचेकडे बघून मटकन खाली बसली.

“डाव्या पायाला करंगळी नाही,” ती पुटपुटली.

मी मोजली. चारच बोटं.

“आईची रहाटात अडकून तुटलेली. तुम्हाला कुणी सांगितलं?”

कुणीच नाही. तिची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली. मी त्यांचे पाय पाहिलेच नव्हते.

“तुम्ही कोरलंत?”

“नाही गं, तुझी शपथ!”

“मग कोणी?”

नंतर ओळखीच्या दोन टँकवाल्यांना दाखवलं. शेवाळ कसंही वाढतं, म्हणाले. कसंही वाढलं असतं तर मी घाबरलो असतो का? दवाखान्याला दुसरा टँक दिला.

पण त्या दुपारी आम्ही दोघं तिथंच फरशीवर बसून होतो. तिच्या हातावरची कणीक वाळत होती.

“चित्र कापलं तेव्हा भांडली का नाहीस?” मी विचारलं.

“भांडून तुम्ही परत चिकटवणार होतात?”

मी काचेवरच्या त्या पायांकडे बघितलं. मग म्हणालो, “सुनंदा, मला नुसता प्लाय दिसला. तुझी आई दिसली नाही. चुकलं माझं... मला माफ कर.”