बंद न झालेल्या तीन नोटा

एक माणूस सोडून हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला बसलोच आहे, तर आधी एक छोटा गाढवपणा सांगतो – जीभ जरा सरावेल.

स्वतंत्र भारताची एक रुपयाची पहिली नोट, राजाचं मुंडकं जाऊन जिच्यावर सिंह आले ती, मला दारव्ह्याच्या बाजारात एका रद्दीवाल्याकडच्या पोथीत सापडली. चुरगळलेली होती. घरी आणून मी तिला इस्त्री केली. थेट नाही हं, एवढी अक्कल होती! जळू नये म्हणून आधी प्लास्टिकच्या पाकिटात घातली. पाकीट वितळलं आणि सिंह कायमचे मुरंब्यात बसले.

त्यानंतर मात्र शिकलो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या नोटांचा माझा अल्बम बघायला यवतमाळहून माणसं येतात. आमच्या गावात, बोरी अरबला, मला नावानं कोण ओळखतं? लहानथोर सगळे 'नोटावाले गुरुजी' म्हणतात. मला आवडतं. का आवडू नये? मास्तरकीत तीस वर्षं काढून मिळालं नाही, ते या कागदांनी मिळवून दिलं.

आणि या नावामुळेच धानीबाई माझ्याकडे आली.

नोटाबंदीचे दिवस होते. बँकेबाहेर ही लांब रांग. मी टिनाच्या शेडखाली स्टूल टाकून लोकांचे फॉर्म भरून देत होतो – फुकट, रोज शाळा सुटल्यावर. हे चांगलं काम मी केलं, ते तेवढं नोंदवून ठेवतो. पुढे फारसं नोंदवण्यासारखं नाही.

धानीबाई शेजारच्या तांड्यावरची. ऐंशीच्या घरातली बंजारा म्हातारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रांगेत न लागता ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली. घागऱ्याच्या नेफ्यात शिवलेली एक चिंधी तिनं दातानं उसवली आणि तीन नोटा माझ्या हातावर ठेवल्या. दोन एक-एकच्या, सिंहांच्या. आणि एक दहाची – शिडाच्या जहाजाची, अगदी पहिल्या छपाईतली. पंधरा वर्षं मी ते जहाज शोधत होतो! लग्नानंतर तिच्या नवऱ्यानं सडकेवर गिट्टी फोडली, त्याची ही पहिली मजुरी. त्यानं हातावर ठेवली, तिनं शिवून टाकली. कधी मोडली नाही. उपास पडले तरी नाही.

"गुरुजी, ह्या बी बंद झाल्या का?"

आता इथं जरा थांबतो. तुम्हाला वाटेल, हा म्हणेल की गर्दी होती, गोंधळ होता, पटकन निघून गेलं तोंडातून. नाही. गर्दी होती, पण मी अगदी शांत होतो. पाचशे आणि हजार सोडून काहीही बंद झालेलं नाही, हे त्या रांगेत माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? या नोटा चालतात, आणि त्यांची किंमत बारा रुपयांच्या कितीतरी पट आहे, हेही ठाऊक होतं. मी जहाजाकडे पाहिलं. मग म्हणालो –

"हो बाई. ह्याही बंद."

तिनं उसवलेली चिंधी बोटांनी सारखी केली. मग म्हणाली, "बरं झालं बाप्पा, बुढा नाही राह्यला हे पाहाले."

मी शंभराची नोट काढली. चोरीतही दिलदार माणूस! तिनं ती परत सारली. "बाराचे बाराच द्या. जास्तीचे कायले? तुमाले बी तं आता माह्यासाठी लाइनीत लागा लागन."

मी बारा दिले.

पुढच्याच वर्षी यवतमाळच्या प्रदर्शनात अल्बमला पहिलं बक्षीस मिळालं. मधल्या पानावर जहाज, दोन्हीकडे सिंह – देखणं पान होतं हो, आजही सांगताना ऊर भरून येतो. कुणीतरी विचारलं, या कुठून मिळाल्या? मी म्हणालो, आमच्या वडिलांनी लग्नानंतर आईच्या हातावर ठेवलेली पहिली कमाई. वडिलांनी आईच्या हातावर जन्मभर भाजीच्या पिशवीखेरीज काही ठेवलं नव्हतं. पण ऐकणाऱ्या बायांनी डोळे पुसले. मीही पुसले.

आणि धानीबाई? आपल्या बुढ्याचे पैसे वाया जाऊ दिले नाहीत म्हणून ती दर हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन पायी यायची. आठ वर्षं. मी त्या घेतल्या. खाल्ल्याही.

यंदा शेंगा दुसऱ्याच्या हाती आल्या, निरोपासकट – बाईला आता चालवत नाही. तेव्हा कुठे मी मधलं पान रिकामं केलं आणि गाडी काढली. तांड्यापर्यंत एकच वाक्य घोकत गेलो: बाई, मी तुला फसवलं. चार शब्द तर होते.

ती अंगणात बाजेवर होती. मला पाहून तिनं हाका मारून सगळा तांडा गोळा केला. दहा-वीस माणसं, सगळी माझ्याकडे बघणारी. मी नोटा तिच्या हातावर ठेवल्या, तोंड उघडलं – आणि म्हणालो, "बाई, सरकारनं ह्या पुन्हा चालू केल्या."

डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं, पण घडीवर अंगठा फिरवून तिनं त्या ओळखल्या. कपाळाला लावल्या. मग सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पाहा रे, आठ वर्सं सांभाळल्या यायनं माह्या बुढ्याच्या नोटा! असा मानूस पाह्यला का कोनी?" लोकांनी चहा पाजला, टॉवेल-टोपी देऊन माझा सत्कार केला. मी टोपी घालून घेतली. आणि खरं सांगू? परतताना गाडीवर माझी छाती फुगलेली होती. बोरी येईपर्यंत मी ती टोपी काढली नाही.

दारात सुनंदानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "कोनाच्या लग्नात गेलते?"

तिला मी सगळं सांगितलं. जहाज, बारा रुपये, वडिलांची कमाई, आजचं सरकार – काही गाळलं नाही. माझं झाल्यावर तिनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली, टॉवेलवर ठेवली आणि दोन्ही माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"उद्या हे वापस नेऊन द्या," ती म्हणाली. "न् काहून देऊन राह्यले, थे बी समद्याईच्या समोर सांगा."