धामापूरच्या बाबलला मी ओळख दिली नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. किती वेळा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलून बसलो — बांगडा महागला, रापणीचं जाळं ओढायला माणसं मिळत नाहीत, असलं. लिहिताना निदान कोणी तोंडाकडे बघत नाही. म्हणून लिहितोय.

आमच्या वाडीत मला 'स्टोरवालो' म्हणतात. आखातातून परत येऊन तीन वर्षं झाली, तरी म्हणतात. कंपनीच्या स्टोरात होतो, हाताखाली दोन माणसं होती — असं मीच सांगून ठेवलंय. स्टोर नव्हतं. मस्कतपासून चार तासांवर बांधकामाचा एक कॅम्प होता, आणि त्या कॅम्पातले संडास मी आठ वर्षं धुतले.

एजंटाने स्टोरचंच काम सांगितलं होतं. तिथे उतरलो तर हातात बादली आणि ब्रश. पहिल्या पत्रात घरी काय लिहायचं? 'स्टोरात लागलो' असं लिहिलं. वाटलं, महिन्याभरात काम बदलून मिळेल, मग खोटं आपोआप खरं होईल. काम बदललं नाही. दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा त्या स्टोरावर माझं लग्न ठरलं. माझी आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकायची, तिला कधी कसली लाज वाटली नाही. मला वाटली.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे खोटं आता जुनं झालंय, अंगातल्या सदऱ्यासारखं. मला सांगायचंय ते बाबलचं.

इकडे पारावर कधी विषय निघतो — परदेशात गेली तरी माणसं आपल्याच माणसांना का चिकटून राहतात? कोणी म्हणतो भाषा, कोणी म्हणतो जेवण. खरंच आहे ते. आमच्या कॅम्पात शेगड्यासुद्धा भाषांनी वाटलेल्या होत्या. मल्याळींची एक, बंगाल्यांची एक, तेलुगूंच्या दोन. पण जेवणापुरतं असतं का ते? तिथे माणूस म्हणजे छातीवरच्या बिल्ल्यावरचा नंबर. आपल्या माणसापुढे मात्र तुम्ही अमक्याचे मुलगे, तमक्या वाडीतले, लहानपणी होडीतून पडून बुडता बुडता वाचलेले. आपल्याला असं मुळापासून जाणणारं कोणीतरी जवळ आहे — एवढ्यावर माणूस दोन-दोन वर्षं काढतो.

आणि मी नेमका त्यालाच घाबरत होतो. जो मला वाडीसकट ओळखणार, तो माझी बादली वाडीत पोचवल्याशिवाय राहील? मस्कतात मालवणी मंडळींची एक खोली होती. शुक्रवारी तिथे वीस-पंचवीस जण जमायचे, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायचे. सुट्टीचा ट्रक शहराकडे निघाला की मी कपडे भिजत घालायचो. आठ वर्षांत त्या खोलीचा दरवाजा मी पाहिला नाही. कॅम्पात मी 'बॉम्बेवाला' होतो. हिंदी बोलायचो. कोणाचाच नव्हतो. जेवायचोही एकटा, बॅरेकीच्या पायरीवर, पाठ लोकांकडे करून.

दोन हजार चार साली बाबल आला. सुतार. धामापूरचा. चाळिशीचा असेल, माझ्यापेक्षा थोडा मोठा. दुसऱ्या दिवशी मला शोधत संडासांपाशी आला.

"तुम बॉम्बे का ना? बॉम्बेत आमचे खूप आसत. मालवणी समाजता?"

त्याच्या तोंडावर केवढी आशा होती! मी ब्रश हलवत राहिलो.

"नहीं समझता," म्हणालो.

"थोडा थोडा?"

"बिलकुल नहीं."

"बरा," तो म्हणाला. आणि हसला. जसं काही चूक त्याचीच होती.

त्याला माझ्याच खोलीत खाट मिळाली. हिंदी त्याला चार शब्द यायची. मग तो स्वतःशीच बोलायचा. काजूला मोहर आला असेल, तळ्याचं पाणी उतरलं असेल, घरी म्हाताऱ्या आईने म्हशीला एकटीने कसं धुतलं असेल. खोलीतले बाकीचे हसायचे — पागल है. मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. सहा महिने मी ते ऐकलं. खरं सांगू? मी त्याची वाट बघायचो. तो कामावरून येऊन खाटेवर बसला आणि पुटपुटू लागला की मला बरं वाटायचं. त्याच्याकडून मी माझं गाव फुकटात घेत होतो, आणि त्याला एक हुंकार देत नव्हतो.

मग त्याच्या घरून निरोप आला. आई पडली होती. कंबर मोडली, अन्न सुटलं. वडील कधीच गेलेले, बायको बाळंतपणातच गेलेली, भावंडं नाहीत. म्हातारीला शेजारी बघत होते.

तो रजा मागायला ऑफिसात गेला. मी त्याच पॅसेजमध्ये लादी पुसत होतो. दार उघडं होतं. साहेब दिल्लीकडचा, वाईट माणूस नव्हता. "माँ बीमार" एवढं त्याला समजलं, पण आया सगळ्यांच्याच आजारी पडतात. कोण आहे घरी? डॉक्टर काय म्हणाले? तूच का हवास? बाबलची हिंदी संपली. आणि तो सरळ मालवणीत बोलायला लागला.

"सायबा, माझी आवस एकटी आसा. तिका कूस बदलूक कोण नाय. तोंडात पाणी घालूक कोण नाय. पंधरा दिस सोडा माका. तिका बघून परत येतंय, देवाशप्पत येतंय."

ह्याहून स्पष्ट कोण काय सांगणार? साहेबाने मान वर केली, त्याला मी दिसलो. "अरे बॉम्बे, इसकी बोली समझता है? क्या बोल रहा है?"

बाबल वळून माझ्याकडे बघत होता.

मला ते हिंदीत सांगायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. पण मग दुपारपर्यंत कॅम्पभर झालं असतं की बॉम्बेवाला ह्याच्याच गावाकडचा. बाबल रजेवर गेला असता. धामापूरहून आमची वाडी किती लांब? आणि माझी बायको तेव्हा पहिलटकरीण, माहेरी सगळ्यांना सांगत होती — आमचे स्टोरात आहेत.

"नहीं साब," मी म्हणालो. "ये अलग बोली है."

साहेबाने अर्ज ठेवून घेतला. बघू म्हणाला.

त्या शुक्रवारी बाबलने मल्याळ्याच्या दुकानातून नारळ आणला आणि बॅरेकीच्या मागे वाळूत ठेवला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते एकट्याने घालायचं नसतं. एकाने मागणं मागायचं आणि भोवतीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटलं नाही तर मागणं तिथेच पडतं, असं आमच्याकडची साधी माणसं मानतात. मीही मानतो.

"बाये भगवती," तो म्हणाला, "तुझा लेकरू परमुलखात तुका नारळ ठेवता, तो मानून घे."

आणि थांबला. सवयीनेच थांबला असेल.

भोवती पाच-सहा जण कुतूहलाने उभे होते. मी नळापाशी बादली भरत होतो, दहा पावलांवर.

"माझ्या आवशीक उठवन बसव. माका तिच्या पायाशी पोचव."

पुन्हा थांबला. बादली भरून वाहायला लागली. शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते, जीभ आपोआप उचलली जात होती — लहानपणापासून इतक्या जत्रांत म्हटलेलं ते. मी नळ बंद केला. बादली उचलली. चालू लागलो. मागे तो आणखी काहीतरी मागत होता आणि मध्येमध्ये थांबत होता.

अर्ज टेबलावर होता तेव्हाच, अकराव्या दिवशी, म्हातारी गेली. अग्नी शेजाऱ्याने दिला. एका बंगाली न्हाव्याने बाबलचं डोकं भादरलं. मी काय केलं? त्या दिवशी संडास दोनदा धुतले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. फिनेलचा भरलेला डबा माझ्या हातून सुटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला. आणि माझ्या तोंडून, मोठ्याने, खणखणीत निघालं — "आवशीचो घोव!"

ही शिवी जगात दुसरं कोण देतं? मी मान वर केली. बाबल हात धुवायला आलेला, दारात उभा होता. तुळतुळीत डोकं, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता मारणार. मारायला हवं होतं.

तो जवळ आला, वाकला, माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"खूप लागला काय रे?"

मी म्हणालो, "क्या?"

होय. तेव्हाही.

तो सरळ उभा राहिला. हात धुतले. गेला. त्यानंतर तो खोलीत स्वतःशी बोलायचा बंद झाला. चार महिन्यांनी करार संपला तेव्हा निघून गेला. मी आणखी तीन वर्षं राहिलो, आणि त्या तीन वर्षांत तिथे मी आमची भाषा एकदाही ऐकली नाही, फोनवरची सोडली तर.

गेल्या वर्षी कुडाळहून एस.टी.ने येत होतो. शेजारची जागा रिकामी होती. मध्ये कुठेतरी थांब्यावर तो चढला आणि आधी बसला, मग त्याने बघितलं. केस पांढरे झालेत. हातात करवत, फडक्यात गुंडाळलेली.

कंडक्टर आमच्या वाडीशेजारचा. लांबूनच ओरडला, "काय स्टोरवाल्यानू, आज खंय दौरो? वयनींका नाय आणलास?" गाडीतले चार जण हसले. सगळी गाडी मालवणीत बोलत होती. मी पैसे पुढे केले आणि फक्त "मालवण" म्हणालो.

बाबलने ते सगळं ऐकलं. स्टोरवालो हा शब्दही. एका शब्दाने तो मला त्या गाडीत उघडा पाडू शकत होता. त्याने खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे वळला.

"कैसा है, भाई?" त्याने विचारलं. त्याच त्या मोडक्या हिंदीत. "सब ठीक?"

"ठीक है," मी म्हणालो.

धामापूरच्या फाट्याला तो उठला, करवत काखेत धरली.

"अच्छा भाई. चलता है."

मागची बाई आमच्याकडे टकामका बघत होती — दोघे इथलेच दिसतात, आणि हिंदी काय बोलतायत? मला अजूनही त्याला हाक मारता आली असती. गाडी तिथे बराच वेळ थांबली होती.

"अच्छा," मी म्हणालो.