यादोरावांच्या कंबरेचा महिना

रात्रभर लागलेली झिमझिम पहाटे थांबली, पण आभाळ काही उघडलं नाही. करडी गावाच्या घरांवर ते ओल्या घोंगडीसारखं लोंबत होतं. मंगलाबाईनं चूल विझवली, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलं, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि दारातूनच आवाज दिला, "अवो, भात झाकून ठेवला हाय. दुखण्याची गोळी हाताशी हाय. उगाच उठू नका."

"हाव," यादोराव पलंगावरून कण्हले. कण्हण्यात आता त्यांचा चांगला हात बसला होता.

फाटक वाजलं. चिखलातली पावलं वळणापलीकडं विरेपर्यंत ते तसेच पडून राहिले. मग सरळ उठून बसले, दोन्ही हात वर करून झकास आळस दिला आणि उशीखालून पुस्तक काढलं. खूण म्हणून त्यात एसटीचं जुनं तिकीट होतं.

यादोराव मेश्राम म्हणजे एकोणतीस वर्षं गाडीत उभ्यानं काढलेला माणूस. कंडक्टरला वाचायला कुठलं मिळतं? प्रवाशाच्या हातातला पेपर मागून अर्धा वाचून व्हायचा, की त्याचा स्टॉप यायचा. कितीतरी बातम्यांचे शेवट त्यांना कधी कळलेच नाहीत. रिटायर झाल्यावर दोन एकर धान आणि बुद्धविहारातलं वाचन, एवढंच राहिलं होतं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला की तीन महिने रोज संध्याकाळी सातला विहारात ग्रंथ वाचला जातो. ज्या घरानं वाचन घेतलं त्यानंच ते शेवटास न्यायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, अशी करडीतली रीत. नऊ वर्षं वाचन यादोरावांच्या घरी होतं. भोंग्यावरून त्यांचा आवाज तलावाच्या पाळीपर्यंत जाई.

यंदा जूनमध्ये लेक हर्षा आली. नागपुरात दवाखान्यात नर्स आहे ती. खोली बदलताना पुस्तकांचं पोतंच आणून टाकलं. म्हणाली, "बाबा, नव्या खोलीत जागा नाही. तुम्हीच वाचा."

पोतं कोपऱ्यात तसंच पडलं होतं. वर्षावासाच्या तिसऱ्या दिवशी यादोराव धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, निसरड्या बांधावरून, घसरले आणि कंबर धरली. हे मात्र खरं होतं, अगदी खरं. दोन दिवस कूस बदलता येईना. पडल्या पडल्या हात पोत्यात घातला, तर वर आली एक खुनाची कादंबरी. कोकणातल्या कुठल्याशा लॉजमध्ये म्हातारा मेलेला, आठ माणसं आणि आठही खोटं बोलणारी. चौथ्या दिवशी कंबर मोकळी झाली. तेव्हा ते पान एकशे बारावर होते.

"कशी हाय आता?" मंगलाबाईनं विचारलं.

खरं सांगायचं तर उत्तर ओठावर आलं होतं. पण खुनी अजून सापडला नव्हता.

"ठणकून राहिली," ते म्हणाले.

बस, तिथून सुरू झालं. खून उलगडला, तर पोत्यात हात घालून एका डॉक्टराचं सायकलीवरून हिमालयात जाणं निघालं. थंडी त्यांच्या हाडात शिरली, श्रावणात चादर ओढून घेतली. मग एक जाडजूड प्रेमाची कादंबरी. तिच्यात नायिका गाव सोडून जाते तिथं डोळ्यांतून पाणी आलं. नेमकी तेव्हाच मंगलाबाई घरात आली आणि म्हणाली, "लय दुखून राहिली का वो?" आणि पदर खोचून कोमट तेल घेऊन बसली. तिच्या बोटांना चिखलाचा वास येत होता. यादोराव भिंतीकडं तोंड करून पडले. चोळून घेताना एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडलं.

यंदा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लांबली होती. आठ घरांच्या बायांचा पाळीनं एकमेकींच्या बांधीत जायचा करार होता. खारीतून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, धानाचे परे उपटून त्यांच्या पेंढ्या बांधून द्यायचं काम घरच्या पुरुषाचं. पुरुष पलंगावर, म्हणून मंगलाबाई पहाटे पाचला जाऊन आधी परे उपटायची, मग दिवसभर बायांच्या रांगेत वाकायची.

आणि सातला विहारात वाचायची. कारण तासभर मांडी घालून बसायचं म्हणजे दुखणं वाढणार, असं यादोरावच बोलून गेले होते. वाचन घराचं, ते मोडायचं कसं? चौथी शिकलेली बाई जाऊन बसली. एका संध्याकाळी यादोराव सायकलीसोबत एका खिंडीत होते आणि एकाएकी भोंग्यातून बायकोचा आवाज आला. अडखळत. रेल्वेचं फाटक लागलं की गाडी थांबते तसा तो प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबत होता, मागं येत होता, पुन्हा जोर लावत होता. तो उतारा यादोरावांना तोंडपाठ. ते पलंगावरून पुटपुटत राहिले, जसं काही इथून ढकललं तर तिथं गाडी निघेल. मग त्यांनी खिडकी लावून घेतली. आवाज तरीही आत येतच होता.

महिना असा गेला. परवा पोत्यातून मधमाश्यांवरचं पुस्तक निघालं. माहितीचं, चित्रांसकट. पोळ्यातल्या नर माश्या काही काम करत नाहीत, मादीनं आणलेलं खातात, आणि वाईट दिवस आले की पोळ्यातून हाकलल्या जातात, असं त्यात सविस्तर दिलं होतं. यादोरावांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आज ते पुन्हा उघडलं होतं, तेवढ्यात दुपारी रोवणीवरून लवकर परतलेली शेजारची सरिता भाजी द्यायला आली. त्यांनी घाईनं पुस्तक चादरीत ढकललं आणि ते कण्हले.

"का जी भाऊजी, अजून पलंगावरच? बाळंतिणी उठतात वो महिन्यानं!"

"काय करू बाप्पा."

"तुमचं ठीक हाय. आमची मंगला पाहा. जेवणाच्या सुट्टीत आमी धुऱ्यावर आंग टाकतो, तं हे प्लास्टिकच्या पन्नीतून कागद काढते. संध्याकाळचं पान आदल्या रात्रीच उतरवून आणते आन् वाचून वाचून पाहाते. अडलं की रोडावरून जाणाऱ्या मास्तराले थांबवते."

यादोराव उठून बसले. कंबरेचं भान राहिलं नाही. "मले काहून नाई विचारत? मी त घरीच हाओ."

"मीबी तेच म्हटलं. तं म्हणते, त्याईले बोललं तरी कंबरेत कळ जाते. कायले तरास द्या."

सरिता गेली. त्या दिवशी पुढचं पान काही वाचून झालं नाही.

सातच्या सुमारास ते विहारात शिरले तेव्हा सगळ्यांनी जागा करून दिली. "जयभीम, यादोराव! टेका, भिंतीले टेका," समितीचे कृष्णराव म्हणाले. ते टेकले नाहीत. मागं उभे राहून त्यांनी पूर्ण पान ऐकलं. मंगलाबाई बोट ठेवून वाचत होती. बोटाचं नख चिखलानं काळं पडलं होतं. तीनदा अडखळली, चौथ्यांदा अडखळली नाही. हळू वाचत होती, म्हणून मागच्या म्हाताऱ्या माना हलवत होत्या. यादोराव वाचत तेव्हा त्या पेंगत असत.

वाचन संपलं. तिनं नवऱ्याला पाहिलं आणि ग्रंथ पुढं केला. "आले का? घ्या मंग, उद्यापासून तुमचं."

"मायी कंबर महिन्याभरापासून बरी हाय," यादोराव म्हणाले. भोंगा चालूच होता हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. करडीच्या प्रत्येक घरात ते ऐकू गेलं.

कृष्णरावांनी धावत जाऊन बटण बंद केलं. कोणीतरी फिसकन हसलं. मंगलाबाई मात्र हसली नाही.

"मले ठावं हाय," ती म्हणाली. "सागाचा पलंग हाय थो. दोघाईनं ढकलला तं कुठं सरकते. अन् एका दिवशी पाहातो तं उजेडासाठी खिडकीखाली जाऊन बसला. पलंगाले का पाय फुटले?"

"मंग बोलली काहून नाईस?"

ती ग्रंथावरचं कापड सारखं करत राहिली. "बोललो असतो तं तुमी उठले असते. तुमी उठले असते तं हे तुमच्याकडं गेलं असतं."

नऊ वर्षं ती तिसऱ्या ओळीत बसून ऐकत आली होती. तुलेबी वाचाचं हाय का, असं यादोरावांनी एकदाही विचारलं नव्हतं. खोटं तर महिन्याचं होतं. हे मात्र त्याहून जुनं निघालं.

"मंग उद्यापासून कोणाचं समजू?" कृष्णरावांनी विचारलं.

"वाचन घराचं हाय," यादोराव खाली पाहत म्हणाले. "अन् घर वाचून राहिलं."

परतताना फाटकाशी मंगलाबाई एवढंच म्हणाली, "पाचले उठा. परे उपटाचे हायेत."

पाचला ते उठले. आभाळ तसंच लोंबतं होतं. खारीत घोटाभर पाणी, वर डास. महिनाभर पडून राहिलेल्या शरीरानं दहाव्या पेंढीलाच हाय खाल्ली. कंबरेत अशी कळ निघाली, की पहिली त्यापुढं काहीच नव्हती. त्यांनी बायांच्या रांगेकडं पाहिलं. सरिता इकडंच टक लावून होती.

बोलायची सोयच राहिली नव्हती. यादोरावांनी दात आवळले, मूठभर परे उपटले, मुळांचा चिखल पाण्यात आपटून काढला, पेंढी बांधली आणि रांगेच्या मागं फेकली. मंगलाबाईनं मागं न पाहताच हात लांब केला आणि ती उचलली. ते पुढच्या मुठीसाठी वाकले.